सांगलीच्या रिक्षावाल्या मामांची 'मोठ्या मानसांची फेरी' : पाचातले चार स्टार

पहिलं रेटिंग सांगून टाकतो कारण बरेच जण तेवढंच बघतात. चार. पाच देणार होतो, देतच होतो खरं तर, पण काकूंनी एक कापायला लावला आणि त्या बरोबर होत्या, ते कसं ते पुढं येईलच.

तर झालं असं की दिवाळी झाल्यावर आमचे साडू नाशिकहून आले, सोबत त्यांची आई, म्हणजे आमच्या काकू, वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. बायका दोघी पहिल्याच दिवशी कापड पेठेत गेल्या त्या संध्याकाळपर्यंत काही येणार नव्हत्या. साडू सोफ्यावर पसरून म्हणाले, "तुमच्या सांगलीत बघायला काय आहे हो?" हा प्रश्न प्रत्येक सांगलीकराला आयुष्यात पन्नास वेळा तरी विचारला जातो आणि पन्नासही वेळा आपण गणपतीचं देऊळ म्हणतो, मग आयर्विन पूल म्हणतो, मग गप्प बसतो आणि पाव्हण्याच्या हातात भडंगाची पुडी देतो. मी पण तेच करणार होतो. पण आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी मागं एकदा सांगितलेलं आठवलं की देवळाबाहेरच्या स्टँडवर एक रिक्षावाले मामा आहेत ते सांगलीतल्या मोठ्या माणसांची फेरी करवतात, म्हणजे इथं जन्मलेली, राहिलेली, गाजलेली माणसं, त्यांच्या जागा. तेवढ्यासाठी वेगळी रिक्षा करायची ही आयडियाच मला जरा येडपट वाटलेली तेव्हा.

फोन केला तर पहिला प्रश्न, "डोकी किती?" मी म्हटलं तीन, त्यात एक म्हातारं माणूस. "मग सकाळी सातला. नंतर ऊन लागतंय आणि मारुती रोडला गाडी हालत न्हाय." पैसे? "सातशे. तीन तास. च्या तुमचा." एवढंच. ॲडव्हान्स नाही, लोकेशन पाठवा नाही, काही नाही. आणि सातला म्हणजे सातला, आम्ही विश्रामबागेत गेटवर उभे राहायच्या आधी हे हजर, रिक्षा पुसून, समोर उदबत्ती लावून. इथं मी पाच दिले होते.

रिक्षाबद्दल आधी. जुनी आहे, सीटचं रेक्झिन एका कोपऱ्यात फाटलंय तिथं मामांनी चिकटपट्टी मारलीय, स्पीडब्रेकरवर मागच्या माणसाचं डोकं हूडाला लागतं (माझं दोनदा लागलं). काकूंना मात्र त्यांनी घरनं आणलेली उशी दिली कमरेला. ड्रायव्हरच्या सीटमागं एक प्लॅस्टिकची फाईल लटकवलेली, कपड्याच्या चिमट्यानं. त्यात फोटो, सगळे झेरॉक्स काढून लॅमिनेशन केलेले. स्टॉप आला की मामा गाडी बंद करतात, चिमटा काढतात, त्या माणसाचा फोटो शोधून मागं आपल्या हातात देतात आणि मग बोलायला लागतात. फोटो हातात असेपर्यंत बोलणार, फोटो परत घेतला की विषय संपला. पुस्तकातलं पान उलटावं तसं. मला ही पद्धत फार आवडली, साडूंना सुरुवातीला हसू येत होतं, नंतर तेच हात पुढं करून बसायला लागले.

पहिला स्टॉप अर्थातच गणपती. म्हटलं झालं, आता संस्थानचा इतिहास. तर मामांनी पहिला फोटो दिला तो हत्तीचा. मी बघतच बसलो. देवळातला हत्ती! लहानपणी आजीबरोबर यायचो तेव्हा मी स्वतः त्याला केळं दिलंय, सोंडेचा ओला खरखरीत स्पर्श अजून तळहाताला आठवतो. मामा म्हणाले, "सांगलीतला सगळ्यात वळकीचा मानूस कोण तर ह्यो. आमदार रस्त्यानं गेला तर कोन बगत न्हाय, ह्यो निगायचा तवा दुकानदार गल्ला सोडून भाईर यायचं." काकू म्हणाल्या हत्ती काय माणूस आहे का. मामा म्हणाले, "काकू, गावात ऱ्हातो त्यो गावचा." मग चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा फोटो आला, म्हणजे चित्राची झेरॉक्स, त्यात पगडीच तेवढी नीट दिसत होती. १८०१ च्या सुमारास मिरजेतनं वेगळे होऊन हे सांगलीला आले, गणपतीचं देऊळ त्यांनीच बांधायला घेतलं, आणि आज आपण ज्याला सांगली म्हणतो ती ते आल्यानंतरचीच. हे मला माहीत होतं, साडूंना नव्हतं. पायऱ्या आहेत, पण मामा काकूंच्या बरोबर एकेक पायरी चढले, मधे थांबून. ज्यांच्या घरी वयस्कर मंडळी आहेत त्यांनी हे नोंदवा.

देवळातनं बाहेर आल्यावर खांडेकर. वि. स. खांडेकर सांगलीचे, १८९८ चा जन्म, हे मला शाळेपासून पाठ, पण मामांनी एक विचारलं ते मला येईना, "त्येंचं नाव काय?" मी म्हटलं विष्णू सखाराम. "ते दत्तक गेल्यावरचं. जन्माचं नाव गनेश! गनपतीच्या गावात गनेश जन्मला आनि दुसऱ्याच्या घरी जाऊन विष्णू झाला." मी घरी येऊन तपासलं, खरं आहे, गणेश आत्माराम. मग ते शिरोड्याला गेले, १९२० पासून १९३८ पर्यंत तिथं मास्तरकी केली, पुढं कोल्हापूर. १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. साडू म्हणाले म्हणजे सांगलीत फक्त जन्म. मामा आरशातनं बघून म्हणाले, "जन्म काय कमी झाला व्हय?"

तिथनं पुढं गावभागात शिरलो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, गावभाग म्हणजे जुनी सांगली, नदीला लागून, अरुंद बोळ, काही वाडे पाडून अपार्टमेंट झालीत, काही पडायला टेकलेत, एखाद्याच्या सोप्यावर अजून झोपाळा आहे. रिक्षा एका बोळात अशी घुसवली की दोन्ही बाजूंनी भिंतींना हात लागेल. एका वाड्यासमोर थांबलो. दार अर्धं उघडं, वरचा मजला नव्हताच, आत पिंपळ आलेला भिंतीतनं, आणि माझ्या छातीच्या जरा वर भिंतीवर एक मातकट रेघ, खाली भिंतीचा रंग वेगळा, वर वेगळा. २०१९ चं पाणी. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ ला धोक्याची पातळी असते, म्हणजे बारा फूट जास्त. मामांनी त्या रेघेवर नुसता तळहात ठेवला, फोटो वगैरे काही काढला नाही, म्हणाले "हितंवर" आणि मग भाव्यांचा फोटो दिला.

विष्णुदास भावे, मराठी नाटकाचे जनक. आता हा भाग मला वाटलं कंटाळवाणा होणार कारण सांगलीत लहानाचं मोठं झालं की नाट्यपंढरी नाट्यपंढरी ऐकून कान किटतात, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, भावे पदक, पेपरात फोटो, झालं. पण मामांनी सुरुवात केली ती बाहुल्यांपासनं. भावे मुळात हातानं करणारे माणूस, लाकडाच्या बाहुल्या करायचे, हलणाऱ्या, सीतास्वयंवराचं नाटक त्यांना त्या बाहुल्यांचंच करायचं होतं. १८४२ ला कर्नाटकातनं भागवत मंडळींचे खेळ आले सांगलीत, अप्पासाहेबांनी बघितले आणि भाव्यांना म्हणाले असं आपल्या भाषेत कर. मग १८४३ ला राजवाड्यात सीतास्वयंवर झालं, जिवंत माणसांचं. त्या बाहुल्या पुढं किती वर्षं तशाच पडून होत्या आणि मग रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून परत नाचवल्या. हे सगळं मामा त्या पिंपळाखाली उभं राहून सांगतायत आणि बोळातनं एक बाई भाजीची पिशवी घेऊन आमच्यात अंग चोरून गेली, जाताना मामांना म्हणाली "आज भावे काढलाय व्हय?" म्हणजे रोजचं आहे त्यांना.

मग मामा म्हणाले त्या काळात नाटकात सगळं सूत्रधारच गायचा, बाकीचे आपल्या मनानं बोलायचे आणि राक्षस आला की नुसता ओरडायचा. आणि इथं काकूंनी, आमच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंनी, रिक्षात बसल्या जागेवरनं जी आरोळी ठोकली, "अललल डुर्रर्र!" शेजारच्या घराची खिडकी उघडली. एक कुत्रं भुंकायला लागलं. साडू तर आईकडं असं बघत होते जसं पहिल्यांदाच बघतायत. काकूंच्या वडिलांना नाटकाचं वेड, ते पोरांना घाबरवायला राक्षसाची ती आरोळी मारायचे म्हणे, एवढी वर्षं ती आत पडून होती. मामांनी हात जोडले. त्या मिनिटापासून ही फेरी मामांची राहिली नाही, दोघांची झाली, आणि खरं सांगायचं तर सातशे रुपये तिथंच फिटले.

१८५१ ला अप्पासाहेब गेले आणि भाव्यांचा दरबारचा आधार गेला, मग ते मंडळी घेऊन गावोगाव फिरले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मामांच्या भाषेत, "राजा गेला, पगार गेला, मग पोटासाटी कला."

चहा. गावभागातच एका टपरीवर. मामांची ठरलेली टपरी आहे, आणि मला आधी शंका होती की हे कमिशनवालं प्रकरण असणार, पण तसं काही नाही, उलट मामांनी स्वतःच्या चहाचे पैसे देऊ केले, मीच घेऊ दिले नाहीत. पुढं भडंग घ्यायला मात्र त्यांनी एका विशिष्ट दुकानातच नेलं, भडंग चांगलं होतं पण लसूण जास्त, आणि आम्ही नेहमी घेतो त्यापेक्षा दहा रुपये महाग. हे सांगितलेलं बरं.

चहानंतर खाडिलकर. कृष्णाजी प्रभाकर, १८७२ चा जन्म, सांगलीचेच, टिळकांच्या केसरीत गेले, नाटकं लिहिली, पुढं १९२३ ला नवाकाळ काढला. मामांनी कीचकवध असा सांगितला की बास. "कीचक म्हंजे कोन? लाट साहेब! कर्झन. द्रौपदी म्हंजे आपला देस. स्टेजवर महाभारत चाललंय आनि खाली पब्लिक समजून घेतंय. विंग्रजांना कळायला तीन वर्षं लागली." १९०७ ला नाटक आलं आणि १९१० ला बंदी, म्हणजे हिशेब बरोबर आहे. हे ते एका वाड्यासमोर सांगत होते आणि काकू त्या वाड्याकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं भारावल्यात.

"अहो," काकू म्हणाल्या, "हा पिंपळ तोच ना मघाचा?"

तोच. आम्ही बोळाला वळसा घालून मागच्या बाजूनं परत तिथंच आलो होतो. तोच पिंपळ, तीच रेघ. मघाशी या घरासमोर भावे होते, आता खाडिलकर. मामा एक सेकंद गप्प. मग म्हणाले, "गल्ली तीच हाय की काकू." काकू म्हणाल्या गल्ली तीच असेल, घर कुणाचं? मामा म्हणाले, "कुनाचं म्हंजे, आता मालक पुन्याला ऱ्हातो." नाही हो, खाडिलकर इथं राहत होते का भावे? आता मामा खरं बोलले, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो. म्हणाले नक्की घर कुठलं ते मला ठाऊक नाही, विचारलं पुष्कळांना, प्रत्येक जण वेगळं सांगतो, पाट्या कुठंच नाहीत, वाडे पडले, पुरानं नेले, विकले, मग थांबायला एक जागा तर पाहिजे, गाडी उभी राहील अशी, सावली असलेली. "ह्यो पिंपळ बरा पडतोय."

तर एक स्टार तो. काकूंचं म्हणणं, पैसे घेऊन घर दाखवतो म्हणायचं आणि भलतंच घर दाखवायचं ही फसवणूक झाली, गोष्ट कितीही गोड असू दे. साडू म्हणाले आई सोड ना. त्या म्हणाल्या सोडणार नाही. आणि बरोबरच आहे की, मी तिथं मोबाईलवर फोटो काढून "भाव्यांचा वाडा" म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा झालो होतो, तो डिलीट करावा लागला, तोवर माझ्या आत्येभावानं खाली दोन हात जोडलेले पण टाकले होते. ज्यांना नेमकं घर, नेमका पत्ता, नेमकी खोली बघायची हौस आहे त्यांनी या फेरीला जाऊ नये किंवा जायच्या आधी मामांना स्पष्ट विचारून घ्यावं, विचारलं तर ते खोटं सांगत नाहीत. पण माझा राग मामांवर अर्धाच आहे. दुसरा अर्धा आपल्या सगळ्यांवर. एवढ्या माणसांची गावं आपली आणि एका दारावर दोन ओळींची पाटी लावायला कुणाला सुचलेलं नाही, कोपऱ्या-कोपऱ्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र पन्नास. रिक्षावाल्याला पिंपळ धरून बसावं लागतं.

गाडीत थोडा वेळ शांतता होती. मामा पण नाराज. जेलपाशी आल्यावर निवळलं.

सांगलीचा जेल अजून गावाच्या मधेच आहे, जुन्या किल्ल्यात, गणेशदुर्ग म्हणतात त्याला. आपण रोज जवळनं जातो आणि बघत नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील इथनं साथीदारांसकट पळाले, तटावरनं खाली खंदकात उड्या टाकून, मागनं गोळीबार, दादांना गोळी लागली, पकडले गेले, आणि दोन साथीदार हुतात्मा झाले. मामांच्या व्हर्जनमध्ये दादा तटावरनं थेट कृष्णेत उडी मारतात. काकूंनी लगेच, "इथनं नदी कुठं दिसते?" नदी लांब आहे, मान्य. मामा म्हणाले, "बरं, खंदक धरा." आता हसले दोघंही. नंतर हेच दादा मुख्यमंत्री झाले, शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत आणि यांच्याच काळात १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, मी स्वतः त्यातल्याच एका कॉलेजातनं बाहेर पडलो, चांगलं झालं का वाईट ते माझ्या ॲन्युअल पॅकेजकडं बघून ठरवा. मामांच्या फाईलमध्ये दादांचे तीन फोटो आहेत, बाकी सगळ्यांचा एकेक. कारण विचारलं तर म्हणाले वडील साखर कारखान्यात होते. विषय संपला.

मंगेशकरांचा स्टॉप मला घाईत उरकलेला वाटला, कदाचित काकूंच्या धाकानं. आशाताईंचा जन्म इथला, ८ सप्टेंबर १९३३, मास्टर दीनानाथांचा संसार तेव्हा सांगलीत होता, लताबाईंचं लहानपणही इथलंच. मामांनी ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली, लहानगी लता कडेवर आशाला घेऊन शाळेत गेली, मास्तरांनी बाळाला आणायचं नाही म्हणून सांगितलं, आणि तिनं शाळाच सोडली. काकूंनी भुवई वर केली तसं मामांनी स्वतःच जोडलं, "असं सांगत्यात. मी काय तितं नव्हतो." शिकले बघा माणूस.

मग साडूंची पाळी आली. साडू क्रिकेटचे. विजय हजारे सांगलीचे हे त्यांना माहीतच नव्हतं, बडोद्याचे म्हणून डोक्यात. १९१५ चा जन्म, सांगली. १९४८ ला ॲडलेडला ब्रॅडमनच्या टीमसमोर दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५, भारताकडून असं करणारा पहिला माणूस, आणि १९५२ ला मद्रासला भारतानं पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन हेच. आकडे मामांना पाठ, ठेका धरल्यासारखे. साडू फोटो परत द्यायलाच तयार नव्हते. त्यानंतरचा फोटो फाईलमधला एकमेव रंगीत, स्मृती मानधना, पण ती मुंबईत जन्मली आणि इथं माधवनगरला वाढली, म्हणजे बाकीच्यांच्या उलट. मामा म्हणाले, "बाकीचे जन्मून गेले, ही येऊन वाडली."

आणि मग साडूंनी विचारलं, नंदू नाटेकर? बॅडमिंटनवाले, ते पण सांगलीचेच ना? साडू स्वतः रोज सकाळी खेळतात म्हणून त्यांना माहीत. मामा कोरे. फाईल चाळली, नाही. पहिल्यांदाच सकाळपासनं त्यांच्याकडं काही नव्हतं. साडू मग मागच्या सीटवरनं पुढं वाकून सांगायला लागले, १९३३ चा जन्म, सांगली, १९५६ ला आताच्या मलेशियात जाऊन स्पर्धा जिंकली, परदेशातली स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू, १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी मिळाला. मामांनी गाडी बाजूला घेतली, खिशातनं पेट्रोल पंपाची पावती काढली, तिच्या मागं लिहून घेतलं. "१९३३ म्हंजे आशाताईंच्याच सालातला की." आम्ही हा हिशेब केलाच नव्हता.

शेवटचा टप्पा हरिपूर. रस्ता तुम्हाला माहीतच आहे, दोन्ही बाजूंनी जुनी चिंचेची झाडं, मामा त्या रस्त्यावर गाडी मुद्दाम हळू चालवतात आणि बोलत नाहीत, हे मला आवडलं. वाटेत हळदीची पेवं. साडूंना पेव म्हणजे काय ते सांगावं लागलं, जमिनीत खोदलेलं कोठार, वरनं तोंड बारीक, आत मोठ्ठं, हळद त्यात वर्षानुवर्षं किडीशिवाय राहते, मातीचाच गुण आहे तो. २००५ च्या पुरात पाणी आत शिरून किती पेवं गेली. साडूंनी एका तोंडातनं आत वाकून बघितलं आणि शिंकत बाहेर आले.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथले, हरिपूरचे, १८५५. संगमेश्वराच्या देवळापाशी बसलो, समोर कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं पाण्याचे दोन रंग दिसतात ते मामांनी बोटानं दाखवले, त्या दिवशी मला तरी एकच दिसला. देवलांचा फोटो काकूंच्या हातात होता. शारदा नाटक १८९९ चं, म्हाताऱ्याशी लग्न लावून द्यायला निघालेल्या लहान मुलीचं, हे मामा सांगायला लागले तर काकूंनी थांबवलं, म्हणाल्या मला माहीत आहे, माझ्या आजीचं लग्न नवव्या वर्षी झालेलं, नवरा तिप्पट वयाचा. ती आम्हाला सांगायची की लग्नात तिला झोप लागली होती आणि तिच्या मामानं उचलून बोहल्यावर ठेवली. एवढं बोलून त्या हळू आवाजात शारदेतलं पद म्हणायला लागल्या, सूर हलत होता, मधे दम लागत होता, पण शब्द एक चुकला नाही. मामा पायरीवर बसून पायातल्या चपलेकडं बघत होते. फोटो काकूंच्या हातात होता तसाच राहिला, त्यांनी परत मागितला नाही. आम्ही उठलो तेव्हा काकूंनीच दिला.

आता कामाच्या गोष्टी. तीन तास म्हणाले आणि झाले साडेचार, जादा पैसे मागितले नाहीत, मी आठशे दिले, शंभर परत करत होते, काकूंनी दटावलं तेव्हा ठेवले. रोखच न्या, फोनपे आहे म्हणतात पण बोळात रेंज नसते आणि ती क्यूआरची पट्टी एवढी घासलीय की स्कॅन होत नाही. जुलै-ऑगस्टला बिलकुल जाऊ नका, पाणी चाळीस फुटांवर गेलं की मामा ग्राहक घेत नाहीत, गावभागातल्या लोकांचं सामान वर न्यायला रिक्षा लागते म्हणतात. गणपतीच्या दिवसात पण नको, गाडी हलत नाही. मिरजेला चला म्हटलं तर चलणार नाहीत, "मिरज म्हंजे गान्याचं काम, त्येला येगळा मानूस पायजे." लहान पोरांना न्यावं का? दहाच्या पुढची असतील तर न्या, खालची तासाभरात कंटाळतील, हत्ती पहिल्याच स्टॉपला संपतो. मामांचा नंबर इथं टाकत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, सकाळी देवळाबाहेरच्या स्टँडवर जाऊन विचारा, कुणीही सांगेल.

कालपरवा आमच्या ब्रँचमधल्या एका मॅडम घरच्यांना घेऊन ही फेरी करून आल्या, माझ्याच सांगण्यावरनं. म्हणाल्या छान होतं, फाईलमध्ये आता नंदू नाटेकरांचा पण फोटो आहे, नवाकोरा, लॅमिनेशनचे कोपरे अजून टोचतात. मामांनी १९५६, मलेशिया, अर्जुन पुरस्कार सगळं सांगितलं, एक साल चुकलं नाही. मी विचारलं कुठं थांबून सांगितलं? म्हणाल्या, गावभागात एका पडक्या वाड्यासमोर, आत पिंपळ आलाय बघा.